प्रोफेसर केळफा : घरातच जादूची प्रयोगशाळा उभारणारे दादासाहेब फाळके

कडा (ता. आष्टी, जि. बीड) : ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की कडा-आष्टी परिसरातील अनेक कुटुंबे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि त्यांची लहान मुले गावी आजी-आजोबांजवळ राहतात. फडावरचे आई-वडील आणि गावातील मूल यांची भेट मग मोबाईलच्या व्हिडिओ कॉलवर होते. जेवलास का, शाळेत गेलास का, एवढे विचारून झाले की बोलणे संपते. अशा वेळी हातातील नाणे पडद्यावर नाहीसे करून दाखविणे किंवा नेटवर्क अडकल्याचा आव आणून पुतळ्यासारखे निश्चल बसणे, अशी एखादी साधी गंमतही मुलाला पुन्हा हसते करते. कॅमेऱ्यासमोर घरच्या घरी करावयाच्या अशा जादूला महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. चित्रपटमहर्षी म्हणून सर्वपरिचित असलेले दादासाहेब फाळके हे त्या परंपरेतील अग्रणी होत. त्यांच्यातील चित्रपटकाराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र त्यांच्यातील जादूगार त्या मानाने अपरिचित राहिला.

त्र्यंबकेश्वर ते बडोदे

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. पौरोहित्याची आणि शास्त्राभ्यासाची परंपरा असलेल्या या घरातील मुलाचा ओढा मात्र लहानपणापासून चित्रे, नाटके आणि हातचलाखी यांच्याकडे होता. वडिलांना मुंबईत अध्यापकाची नोकरी मिळाल्यानंतर कुटुंब मुंबईस आले आणि १८८५ मध्ये धुंडिराजांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. पुढे ते बडोद्याच्या कलाभवनात दाखल झाले. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयाखाली उभ्या राहिलेल्या या संस्थेत त्यांनी चित्रकला, वास्तुकला, प्रतिमा घडविण्याची कला आणि छायाचित्रण असे नाना विषय आत्मसात केले. कॅमेरा, काळोखी खोली आणि रसायने यांची त्यांच्याशी जी ओळख येथे झाली, ती आयुष्यभर टिकली.

तो काळही अशा जिज्ञासेला पोषक होता. कल्याणच्या महादेव पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या कंदिलाचे प्रयोग सुरू केले होते. काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशात पडद्यावर मोठी होऊन हलताना पाहण्यासाठी लोक गर्दी करीत. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. प्रकाश आणि सावली यांच्या आधारे माणसाच्या डोळ्यांना चकविता येते, ही गोष्ट महाराष्ट्राने अशा रीतीने नुकतीच अनुभवली होती.

कॅमेऱ्याची भीती आणि केळफांचा जन्म

शिक्षण संपल्यावर फाळके यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. तो स्थिरावतो न स्थिरावतो तोच प्लेगच्या साथीने त्यांची पहिली पत्नी आणि अपत्य यांचा बळी घेतला. संसार उद्ध्वस्त झालेला हा तरुण पुन्हा बडोद्यास आला आणि त्याने तेथे नव्याने छायाचित्रणाचे दुकान थाटले. परंतु येथे त्याच्यापुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो आणि त्यामुळे मृत्यू ओढवतो, अशी वदंता लोकांत पसरलेली होती. गिऱ्हाईक फिरकेना आणि व्यवसाय बसला.

फाळके यांच्या आयुष्यातील हा प्रसंग महत्त्वाचा आहे. न कळणाऱ्या यंत्राविषयी माणसाच्या मनात भय निर्माण होते, याचा त्यांना आलेला हा पहिला चटका होता. त्यानंतर, १९०१ च्या सुमारास, त्यांची एका जर्मन जादूगाराशी गाठ पडली. त्याच्याकडून त्यांनी जादूचे प्रयोग शिकून घेतले आणि स्वतः रंगमंचावर उभे राहून ते करू लागले. त्यासाठी त्यांनी नाव घेतले प्रोफेसर केळफा. फाळके या आडनावातील अक्षरे उलट क्रमाने वाचली की केळफा होते. नावातच एक छोटीशी चलाखी करून ठेवलेली, आणि तीही कुणालाही उलगडता येईल अशी. जादूगार म्हणून त्यांचा स्वभाव यातून दिसतो. प्रेक्षकाला चकवावे, पण उत्तर त्याच्या हाताशी ठेवावे.

१९०२ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. गिरिजा करंदीकर या सरस्वतीबाई फाळके झाल्या. पुढील सर्व उद्योगांत या माऊलीचा वाटा किती मोठा होता, हे ओघाने येईलच. १९०३ पासून सुमारे तीन वर्षे फाळके यांनी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी केली. ती सोडून त्यांनी लोणावळ्यास छपाईचा कारखाना काढला आणि राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईची कामे केली. तो कारखाना पुढे दादरला आला, 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' म्हणून नावारूपास आला आणि रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये फाळके जर्मनीला जाऊन आले. मात्र भागीदारांशी मतभेद झाले आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर ते बेकार झाले.

कुंडीतील वाटाणा

याच उद्विग्न काळात गिरगावातील तंबूच्या चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताऐवजी राम आणि कृष्ण अवतरतील काय, या विचाराने त्यांची झोप उडाली. त्यानंतर त्यांनी मुंबईत येणारे चित्रपट पाहण्याचा सपाटा लावला. घरी येऊन पुन्हा प्रयोग, वाचन आणि जागरण. डोळ्यांवर इतका ताण पडला की त्यांची दृष्टी काही काळ गेल्यासारखी झाली. वैद्यकीय उपचारांनी ती परत मिळाली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. तेथे त्यांना सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहण्याची संधी मिळाली. हेपवर्थ हे स्वतः चकव्याच्या चित्रपटांत मुरलेले होते. स्फोटात मोटारगाडी उडून जाण्याचा त्यांचा १९०० मधील लघुपट प्रसिद्ध आहे. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र व कोरी फिल्म यांची मागणी नोंदवून फाळके एप्रिलमध्ये परतले.

यंत्रे आली, परंतु भांडवल कोण देणार? भांडवलदाराला पटवायचे तर काहीतरी दाखविणे भाग होते. फाळके यांनी त्यासाठी ना महाल उभारला ना नट आणले. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर पक्का बसविला आणि ठरावीक वेळाने एकेक चौकट टिपत महिनाभराहून अधिक काळ ते त्या रोपाची वाढ नोंदवीत राहिले. 'अंकुराची वाढ' हा जेमतेम मिनिटभराचा लघुपट अशा रीतीने तयार झाला. बी फुटते, कोंब वर येतो, वेल वर चढते, हे सारे पाहता पाहता घडले. हे दृश्य पाहून पैसे लावण्यास माणूस तयार झाला.

या जादूमागे साधे गणित आहे. त्या काळी चलच्चित्र साधारणपणे सेकंदाला १६ चौकटी या गतीने दाखवीत. मिनिटाला ९६० चौकटी झाल्या. महिनाभर रोज तीस-बत्तीस चौकटी टिपल्या की महिन्याची वाढ मिनिटात मावते. आज ज्याला टाइमलॅप्स म्हणतात आणि जे मोबाईलमध्ये एका बटणाच्या दाबाने होते, ते फाळके यांनी हाताने, घरात आणि अपार चिकाटीने केले.

घराचा झाला कारखाना

दादर येथील फाळके यांचे बिऱ्हाड आता घर राहिले नव्हते. सरस्वतीबाई रात्री काळोखात बसून फिल्मला छिद्रे पाडीत आणि फिल्म धुण्यास मदत करीत. दिवसा चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा प्रकाश परावर्तित करण्यासाठी त्या पांढरी चादर धरून तासन् तास उभ्या राहत. शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याच शिरावर होता. पैसा कमी पडला तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने काढून दिले. थोरला मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. बायकांच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना तारामती केले. पडद्यावरील राणी प्रत्यक्षात आचारी होती, हाही चकव्याचाच प्रकार होय.

याच काळातील वांगणी येथील प्रसंग मोठा गमतीचा आहे. बाह्यचित्रीकरणासाठी ढाल-तलवारी घेऊन आलेली मंडळी पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्याचा संशय आला आणि सगळ्यांना पोलिसांपुढे उभे राहावे लागले. समजावून सांगूनही फौजदारांची खात्री पटेना. अखेर फाळके यांनी नटांना एक प्रवेश करावयास लावला आणि कॅमेऱ्यात फिल्म न घालता केवळ हँडल फिरवून चित्रीकरणाचे प्रात्यक्षिक दाखविले. मंडळींची सुटका झाली. बडोद्यात कॅमेऱ्याच्या भीतीने ज्यांचा धंदा बुडाला, त्यांनीच येथे रिकाम्या कॅमेऱ्याने भीती घालविली.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. सुमारे ३७०० फूट लांबीच्या या मूकपटाने भारतीय कथापटाचा पाया घातला, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

नाशिकची माया

यशानंतर फाळके यांनी आपला बाडबिस्तरा नाशिकला हलविला. तेथील वाड्यात आणि आवारात त्यांची कल्पकता बहरली. 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटाबरोबर 'पिठाचे पंजे' हा विनोदी लघुपट दाखविण्यात आला. 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात त्यांनी काड्यापेटीतील काड्यांना सजीव केले. काडी किंचित सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची. वाटाण्याच्या रोपाला निसर्ग वाढवीत होता, येथे ते काम बोटांनी केले. पहिले महायुद्ध सुरू होऊन पैशाचे मार्ग आटले असताना अल्पखर्चाची ही करमणूक त्यांना आधार ठरली. जादूगाराच्या वेषात स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहून त्यांनी केळफांच्या प्रयोगांनाही चित्रबद्ध केले.

मोठ्या चित्रपटांतही हा जादूगार डोकावत राहिला. १९१७ च्या 'लंकादहन' मध्ये हनुमानाचे उड्डाण पाहून प्रेक्षक थक्क झाले. साळुंके यांनी त्यात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. १९१८ च्या 'श्रीकृष्णजन्म' मध्ये भयभीत कंसाचे शिर धडावेगळे होऊन वर जाते आणि पुन्हा जागेवर येऊन बसते. त्या काळी असा देखावा साधण्याचे दोन मुख्य उपाय होते. एक म्हणजे कॅमेरा मध्येच थांबवून समोरची वस्तू बदलणे. दुसरा म्हणजे काळा पडदा मागे ठेवून एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करणे; काळा भाग फिल्मवर उमटत नाही, म्हणून तेथे नंतर हवे ते चित्र बसविता येते. पॅरिसमध्ये जॉर्ज मेलिएस या जादूगारानेही १८९६ पासून याच मार्गाने स्त्रीला अदृश्य करण्याचे खेळ पडद्यावर आणले होते. दोन्ही देशांत रंगमंचावरील जादूगाराने कॅमेरा हाती घेतला, हा योगायोग नव्हे. प्रेक्षक कोठे पाहील आणि कोठे पाहणार नाही, हे जादूगारालाच अचूक ठाऊक असते.

१९१९ च्या 'कालियामर्दन' मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. चित्रपटाच्या प्रारंभी ही चिमुरडी आपल्या नेहमीच्या रूपात चेहऱ्यावरील निरनिराळे भाव दाखविते. देव दाखविण्यापूर्वी देवाची भूमिका करणारी मुलगी दाखवून ठेवावी, ही दृष्टी विशेष आहे. 'चित्रपट कसे तयार करतात' हा लघुपट काढून त्यांनी आपल्या कारखान्याचे दरवाजेच प्रेक्षकांसाठी उघडले. जादूगार सहसा आपले गुपित सांगत नाही. फाळके यांनी ते सांगितले आणि त्याने प्रेक्षकांचा आनंद कमी झाला नाही.

उतरता काळ

१ जानेवारी १९१८ रोजी भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. घरगुती कारखान्याची आता व्यापारी कंपनी झाली. हिशेब, अधिकार आणि खर्च यांवरून खटके उडू लागले. मानी स्वभावाचे फाळके कंपनी सोडून सहकुटुंब काशीस निघून गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. काही काळाने ते परतले आणि पुन्हा चित्रपट काढू लागले. परंतु काळ बदलला होता. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि चित्रपट बोलू लागला. १९३२ चा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. ज्या उद्योगाचा पाया त्यांनी घातला, त्याच्या वैभवाचा लाभ त्यांना वृद्धापकाळी झाला नाही.

१९६९ पासून भारत सरकारने त्यांच्या नावे सर्वोच्च चित्रपट पुरस्कार सुरू केला, मुंबईतील चित्रनगरीला त्यांचे नाव मिळाले आणि २००९ मध्ये परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या मराठी चित्रपटाने त्यांचे खटपटे आणि खेळकर रूप नव्या पिढीसमोर आणले. त्यांच्या चित्रपटांपैकी फार थोडी रिळे शिल्लक असून ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केली आहेत.

केळफांची विद्या आजच्या पडद्यावर

फाळके यांनी वापरलेली तत्त्वे व्हिडिओ कॉलवरही तशीच लागू पडतात. पहिले तत्त्व चौकटीचे. पाहणाऱ्याला चौकटीबाहेरचे काहीच दिसत नाही; म्हणून नाणे एका हातातून दुसऱ्या हातात दिल्याचा भास करून ते पडद्याच्या खालच्या कडेवरून मांडीत सोडले की नाहीसे होते. नजर मात्र रिकाम्या मुठीकडेच ठेवावी, कारण पाहणारा आपल्या नजरेच्या मागे जातो. दुसरे तत्त्व अंतराचे. कॅमेऱ्याजवळ धरलेला तळहात मोठा दिसतो आणि दहा पावले मागे उभा असलेला भाऊ लहान. दोघांची जागा नीट जुळविली की भाऊ तळहातावर उभा राहतो. यासाठी उजेड भरपूर हवा, नाहीतर मागची व्यक्ती पुसट दिसते. तिसरे तत्त्व रंगाचे. मागे काळी चादर बांधली आणि काळ्याच कापडाने धड झाकले की नुसते डोके तरंगताना दिसते; येथे मात्र उजेड चेहऱ्यापुरताच ठेवावा. चौथे तत्त्व थांबण्याचे. बोलता बोलता तोंड अर्धवट उघडे ठेवून निश्चल झाले की समोरच्याला नेटवर्क गेल्यासारखे वाटते. यात मागे पंखा फिरता नसावा आणि पापणी लवता कामा नये. काड्यांचा खेळ करायचा तर तो आधी मोबाईलवर एकेक छायाचित्र टिपून तयार करावा आणि मग दाखवावा.

मात्र हीच विद्या वाईट हेतूने वापरणारेही आहेत. पोलिसांचा गणवेश चढवून, मागे कार्यालयाचा देखावा उभारून व्हिडिओ कॉलवर डिजिटल अटकेची धमकी देणाऱ्या टोळ्यांनी अलीकडच्या काही वर्षांत देशभर अनेकांना लुबाडले. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही आणि फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते. चौकटीबाहेर काय आहे हे दिसत नसते, एवढे ज्याने खेळातून ओळखले, तो अशा सापळ्यात सहजासहजी सापडणार नाही. म्हणूनच मुलांना जादू दाखविल्यानंतर ती कशी केली हेही दाखवावे आणि पुढच्या खेपेस त्यांनाच जादूगार करावे. अपघात, आजारपण किंवा कुणाच्या मृत्यूची खोटी बातमी यांचा विषय थट्टेसाठी कधीही घेऊ नये. दूर राहणाऱ्या माणसाला धावत येऊन खात्री करता येत नाही.

फाळके यांच्या वाट्याला आलेले यश आणि अपयश आता इतिहासजमा झाले आहे. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट मात्र कुणाच्याही आवाक्यातील आहे. एक कुंडी, एक वाटाणा, काड्यांची पेटी आणि साथ देणारी घरची माणसे, एवढ्याच सामग्रीवर त्यांनी आरंभ केला. ज्यांना त्यांनी चकविले, त्यांनाच त्यांनी पुढे पडद्यामागेही नेले. प्रोफेसर केळफा आणि ठग यांच्यातील अंतर एवढेच आहे, आणि ते फार मोठे आहे.